उगवलं का गं?

सकाळी फोन वाजला की मी अजूनही ‘हॅलो’ म्हणत नाही. “नाही गं, अजून नाही,” हेच आधी तोंडातून बाहेर पडतं. परवा त्यामुळे घर तापवणारी फर्नेस दुरुस्त करणाऱ्या माणसाची पंचाईत झाली. समोर सीरियल खात बसलेली माझी नात म्हणाली, “आजी, व्हॉट इज नॉट येट?”

“एक बाई होती. रोज सकाळी फोन करून विचारायची, उगवलं का?”

“लाइक, टोमॅटोज?”

टोमॅटो असते तर आणखी काय हवं होतं! आम्ही उगवायला घालत होतो ते क्षयाचे जंतू होते, आणि त्यांच्याइतका निवांत जीव मी दुसरा पाहिला नाही. बाकीचे जंतू एका रात्रीत बशीभर पसरतात. हे महाराज तीन-तीन, कधी सहा-सहा आठवडे घेतात. आणि असल्या निवांत जिवाच्या मागावर राहायचं काम देवानं जगातल्या सगळ्यांत अधीर बाईला दिलं होतं. मंदाताईला.

मंदाताई आरोग्यखात्यात क्षयरुग्णांची नर्स. एटोबिकोपासून रिचमंड हिलपर्यंत गाडीनं घरोघर जायचं, रुग्णाच्या हातावर गोळ्या ठेवायच्या आणि त्या खरोखर गिळल्या जातात का ते समोर उभं राहून बघायचं, हा तिचा धंदा. मी टोरोंटोच्या एका प्रयोगशाळेत, क्षयाच्या विभागात. रुग्ण तिच्याकडे, रुग्णाचा कफ माझ्याकडे. मूळची ती नागपूरची. नवरा लवकर गेला, मुलगा एकटीनं वाढवला, तो कॅल्गरीला तेलाच्या कंपनीत इंजिनिअर झाला. तिच्या चरित्रातलं मला एवढंच माहीत आहे, कारण याहून जास्त सांगायला ती एका जागी थांबलीच नाही.

खुर्ची दिली की ती खुर्चीवर पर्स ठेवायची आणि स्वतः शेजारी उभी राहायची. जेवायची उभ्यानं, ताट ओट्यावर ठेवून. माझ्याकडे आली की बूट काढायची, पण तो लांबलचक लाल कोट काढायची नाही. “कोट काढला की माणूस अडकतो, पुष्पे.” हातात गाडीच्या किल्ल्या सतत वाजत. माझे यजमान त्या आवाजानं वैतागून म्हणत, “मंदाताई, बसा हो जरा. तुमच्याकडे बघून मलाच धाप लागते.” तर ती त्यांच्याकडे एकदम लक्षपूर्वक बघायची आणि विचारायची, “खोकला आहे का? किती दिवसांपासून?”

बर्फाचंही तसंच. सगळी गल्ली बर्फ थांबायची वाट बघत कॉफी पीत बसलेली असायची आणि ही बर्फ पडत असतानाच फावडं घेऊन ड्राइव्हवे साफ करायला बाहेर. ती टोकाला पोचेपर्यंत मागचा भाग पुन्हा पांढरा. शेजारचा म्हातारा इटालियन खिडकी उघडून ओरडायचा, “मॅन्डा, वेट टिल इट स्टॉप्स!” ती मान वर न करता मराठीतच उत्तर द्यायची, “थांबून थांबून दगड होतो बापा त्याचा!”

म्हाताऱ्याला काही कळायचं नाही. मला कळायचं, कारण आमच्या धंद्यात अगदी हेच होतं. क्षयाची औषधं अर्धवट घेतली, मध्येच सोडली, की मेले नाहीत ते जंतू दगड होतात. मग तेच औषध पुन्हा दिलं तर त्यांना त्याचं काही वाटत नाही. म्हणून आम्ही परीक्षा घ्यायचो. कफातला जंतू आधी उगवून घ्यायचा. उगवला की तोच थोडाथोडा वेगवेगळ्या नळ्यांत घालायचा, एकेका नळीत एकेक औषध. औषधाच्या नळीत तो वाढला नाही, तर औषध चालतंय. तिथेही मजेत वाढला, तर रुग्ण ते औषध उगाच गिळतोय. म्हणजे आधी तो उगवावा म्हणून देव पाण्यात घालायचे, आणि मग उगवू नये म्हणून तेच देव पुन्हा पाण्यात. हल्ली जनुकं वाचणारी यंत्रं आली, ती एका मुख्य औषधाचा निकाल काही तासांत देतात. पण त्यासाठी कफात पुरेसे जंतू लागतात. नसले तर यंत्र सरळ ‘सांगता येत नाही’ म्हणून मोकळं होतं. मग पुन्हा आमच्या नळ्या, आणि मंदाताईचा फोन.

“उगवलं का गं? का अजून झोपूनच राहिलं?”

“मंदाताई, तू कालच विचारलंस.”

“काल काल होता.”

आता माझ्याबद्दल थोडं, फार नाही. मी या नोकरीत लागले तेव्हाची पुष्पा मला आज भेटली, तर मी तिला समोर बसवून पोटभर हसेन. जंतू वाढवायचं ते हिरवं खाद्य तेव्हा अंड्यांचं करत, आणि ही पुण्याची सोवळी पोर नाकाला रुमाल लावून अंडी फोडायची. भीती जंतूंची नव्हे, अंड्यांची. घरी आली की डेटॉलच्या पाण्यानं आंघोळ. आणि मराठी मंडळींत कुणी विचारलं, “कुठे असता?” तर मान तिरकी करून म्हणायची, “दुधाची तपासणी असते ना, त्यात.” क्षय म्हटलं असतं तर माझ्या हातचा चिवडा कोण खाणार! दहा वर्षं मी दुधावर काढली. लोक मला पनीर कुठलं चांगलं ते विचारायचे, आणि मी सांगायचे!

मंदाताई एकदा गणपतीला आली. हॉलभर माणसं. मी मोदकांची परात घेऊन फिरतेय. ही लांबूनच, कोटासकट, सगळ्यांच्या डोक्यांवरून ओरडली, “पुष्पे! त्या कफात उगवलं का गं?”

हॉलमध्ये फक्त आरतीची झांज कुणाच्या तरी हातून पडल्याचा आवाज झाला. माझ्या परातीतले मोदक त्या दिवशी संपले नाहीत. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर मंदाताई परातीशी उभी राहून एकेक मोदक तोंडात टाकत होती आणि येईल त्याला सांगत होती, “हवेतून होतो तो, मोदकातून नाही. घ्या. नाही? मी खाते.” तिनं किती खाल्ले ते मी मोजलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला नाही, पोट बिघडल्यामुळे. माझं दूध त्या दिवशी कायमचं नासलं, आणि खरं सांगते, मोठं ओझं उतरलं.

रुग्णांचे किस्से ती सांगायची, नाव मात्र कधीच नाही. विमानतळाजवळ राहणारा एक पंजाबी ट्रकवाला होता. त्याला घरी गाठणं अशक्य, म्हणून ही भल्या सकाळी डोनटच्या दुकानाबाहेर त्याच्या ट्रकला गाडी आडवी लावून उभी. “मुँह खोलो. जीभ ऊपर. अब जाओ, और स्पीड कम रखना.” रिचमंड हिलचे एक निवृत्त मराठी इंजिनिअर तर गोळी गालात दाबून धरायचे आणि ही गेली की कुंडीत टाकायचे. तिच्या ते लक्षात आलं. पण वयस्कर माणूस, ‘तोंड उघडा’ कसं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “काका, तुमच्या वेळी एकोणतीसचा पाढा पाठ असायचा म्हणे. मला काही खरं वाटत नाही.” काका पेटले. एकोणतीस एके एकोणतीस करत निघाले आणि एकोणतीस चोकपर्यंत गोळी टुणकन गालिच्यावर. ती उचलून तिनं टाकून दिली, नवी काढली आणि म्हणाली, “आता ही गिळा आणि पंचेपासून पुढे म्हणा.” काका बरे झाले. पुढे दर दिवाळीला तिला फोन करायचे आणि पाढा म्हणून दाखवायचे.

असे पुष्कळ. पण मंदाताई म्हटलं की मला आठवते ती केतकी. केतकी स्वतःच मला म्हणाली, “लिहा काकू. आणि नाव माझंच घाला. लपवून झालं आता.” तेव्हा पुढचं सगळं तिच्या परवानगीनं, आणि बरंचसं तिच्याच तोंडून.

केतकी पुण्याची, सॉफ्टवेअरमधली. नवरा, चार वर्षांची ईरा, रिचमंड हिलला घर. एका वर्षी पानगळीच्या सुमाराला खोकला लागला, संध्याकाळचा ताप. आधी न्यूमोनिया म्हणून औषधं झाली, मग क्षय निघाला. तिला बेसमेंटच्या खोलीत वेगळं ठेवलं. पोरीला बघायला पुण्याहून सासूबाई आल्या, कुसुमताई. नेहमीची चार औषधं सुरू झाली, त्यांतली दोन मुख्य. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. पोरीला आजार नव्हता, पण होऊ नये म्हणून तिलाही त्या चारांतलं एक औषध चालू केलं. कफ यंत्रात घातला, तर कफ इतका पातळ की यंत्र म्हणालं, सांगता येत नाही. आम्ही नळ्या लावल्या.

आणि मंदाताईची जी तगमग सुरू झाली, तशी मी त्याआधी पाहिली नव्हती.

“पुष्पे, एक पोरगी आहे. गोळ्या माझ्यासमोर गिळते. ताप हटत नाही. वजन वाढत नाही.”

“वेळ लागतो गं.”

“डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी झाला होता का? ती नाही म्हणाली. पण पुष्पे, ती नाही म्हणायच्या आधी तिच्या सासूनं नाही म्हटलं.”

ती सासू म्हणजे एक भिंत होती. मास्क लावून बेसमेंटच्या दारात खुर्ची टाकून बसायची, आणि मंदाताईनं केतकीला काही विचारलं की उत्तर दारातून यायचं. भूक? “हो, खाते ना.” झोप? “झोपते छान.” माहेरी कुणाला? “छे हो, चांगलं घराणं आहे.” पुढे पुढे तर म्हणायला लागली, “मला वाटतं ही बाथरूममध्ये जाऊन गोळ्या ओकते, म्हणून गुण नाही.”

जुना, अर्धवट सोडलेला उपचार असेल, तर दगड झालेल्या जंतूचा संशय धरायचा आणि खोलातली तपासणी तातडीनं करायची, हे डॉक्टरांना माहीत होतं. पण त्यासाठी कुणीतरी ‘हो’ म्हणायला हवं होतं. तोवर माझ्या नळ्यांची वाट. मंदाताई रोज जात होती, रोज गोळ्या देत होती, आणि रोज मला फोनवर म्हणत होती, “मी त्या पोरीला औषध देऊन राहिली की नुसतं पाणी? सांग ना! आणि ती लहान पोट्टी, तिला काय देऊन राहिलो आपण?”

ती लहान पोट्टी बेसमेंटच्या खिडकीशी यायची. बेसमेंटची खिडकी म्हणजे बाहेरून जमिनीलगत. ईरा स्नोसूट घालून बर्फात पालथी पडायची, काचेला नाक लावायची आणि ओरडायची, “मम्मा, आय कॅन सी यू! कॅन यू सी मी?” मंदाताई आत गोळ्या हातात घेऊन उभी. मला सांगताना तिच्या किल्ल्यांचा आवाज फोनमधून यायचा.

संक्रांत आली. तिचा फोन आला तो नेहमीचा प्रश्न न विचारता.

“तू हळदीकुंकू कर.”

“मी? मी आयुष्यात केलं नाहीये.”

“मग कर. एका बाईला तुझ्याकडे पाठवते. काही विचारू नको. दोन तास सोडू नको तिला.”

माझ्या लक्षात आलं, आणि आलं नाही असं मी दाखवलं. आठ बायकांना फोन केले. वाण म्हणून मिळाल्या त्या चहाच्या गाळण्या आणल्या. तीळ भाजताना स्मोक अलार्म वाजवून घेतला. आणि स्वतः गाडी घेऊन रिचमंड हिलहून कुसुमताईंना घेऊन आले. काळं लुगडं, वर सुनेचा जाड पार्का कोट, पायात नातीच्या बापाचे बूट. गाडीत बसल्यापासून एकच घोकणं, “मला लवकर सोडा हं. सुनेला एकटीला ठेवून आलेय.”

मी उखाणे काढले. दुसरं काय करणार? आणि ही बाई, जी पाच मिनिटांत निघते म्हणत होती, तिला उखाण्यांचा असा काही चेव चढला की बास.

“बर्फाच्या गावी आले, हाती तिळाची वाटी,
श्रीनिवासरावांचं नाव घेते गाळणीसाठी!”

बायका हसून लोळल्या. “अजून एक, कुसुमताई!” मी घड्याळाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, विचार गं मंदाताई, लवकर विचार.

तिकडे मंदाताई बेसमेंटमध्ये उभी होती. अर्थात कोटात. तोंडावर तो जाड मास्क, हातात गोळ्यांची पिशवी, आणि दुसऱ्या हातात हळदीकुंकवाची चांदीची कोयरी.

“आज सण आहे. आधी कुंकू, मग गोळ्या. मंगळसूत्र बाहेर काढ, त्यालाही लावते.”

केतकीनं गळाबंद स्वेटर घातला होता. ती नेहमी तसलेच घालायची. तिनं कॉलर खाली ओढून मंगळसूत्र काढलं, आणि मानेच्या बाजूला, कानाखाली, सुरकुतलेला एक जुना वण दिसला.

“हे काय गं?”

“टॉन्सिल्सचं ऑपरेशन झालं होतं, मावशी.”

“टॉन्सिल्स घशाच्या आत असतात, पोरी. बाहेरून नाही काढत.”

मंदाताईनं मंगळसूत्राला कुंकू लावलं, ते परत आत सारलं, कॉलर नीट केली. मग म्हणाली, “सासू नाही इथं. तुझ्या तोंडून निघेल ते मी डॉक्टरांना सांगेन, कारण ते सांगावंच लागतं. सासूला नाही सांगणार, नवऱ्याला नाही सांगणार, ते तुझं तू बघ. पण एक ऐक. तुझा जंतू ज्या औषधाला भीत नसेल, तेच औषध ती खिडकीतली पोर रोज खाऊन राहिली.”

तेव्हा केतकी रडली. म्हणजे अशी, की मंदाताईनं टिश्यूचा डबाच पुढे केला. एक टिश्यू तिनं उचलला, दिव्याकडे धरला. त्यावर फिकट नारिंगी डाग होते. क्षयाच्या दोन मुख्य औषधांतलं जे लालभडक, ते रक्तात गेलं की घाम, लघवी, डोळ्यांतलं पाणी, सगळं नारिंगी होतं.

“म्हणजे ओकत नाहीस तू,” मंदाताई म्हणाली. “औषध रक्तात आहे. पार डोळ्यांपर्यंत पोचलंय. तरी ताप आहे. आता बोल.”

बारावीच्या वर्षी मानेला गाठ आली होती. गोळ्या सुरू झाल्या. गाठ विरली, परीक्षा तोंडावर, गोळ्यांनी मळमळायचं, तीन महिन्यांत बंद केल्या. पुढे लग्नाचं बघताना आईनं बजावलं, टॉन्सिल्स म्हणायचं. नवऱ्यालाही टॉन्सिल्सच. इतकी वर्षं सवयीनं टॉन्सिल्स, की डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तोंडातून ‘नाही’ आपोआप गेलं.

मंदाताईनं तिला गोळ्या दिल्या नाहीत की बाकीचं कुंकू आवरलं नाही. “थांब,” म्हणाली, आणि ड्राइव्हवेमध्ये, बर्फात, कोयरी हातात तशीच धरून डॉक्टरांना फोन लावला.

आता गंमत बघा. त्याच सुमाराला मी कुसुमताईंना घेऊन हायवेवर होते. समोर बर्फाचा भुगा उडत होता, वायपर करकरत होते, आणि बाई गाळणी मांडीवर घेऊन बसली होती. उखाण्यांचा भर ओसरला होता.

“त्या मंदाताई तुमच्या मैत्रीण ना?” एकदम म्हणाली. “त्या माझ्याकडे अशा बघतात, जसं काही मी सुनेला छळतेय.”

“छे, छे.”

“मी तिथं दारात बसते ती कशासाठी? ती चुकून काही बोलून जाऊ नये म्हणून. माझ्या मुलाला कळलं, तर त्यांचं काय होईल?”

“काय कळलं तर?” मी विचारलं. स्टिअरिंग घट्ट धरून.

“लग्नात हळद मीच लावली होती हो तिला. मानेवरची खूण मला दिसली नसेल? माझ्या धाकट्या बहिणीला अस्साच वण होता. आम्ही तिच्या सासरी सांगितलं, गळू झालं होतं. मी त्या दिवशी ठरवलं, या पोरीला जन्मात विचारायचं नाही. पांघरूण घालायचं.” मग गाळणी उलटीपालटी करत, “म्हणून तर म्हटलं, गोळ्या ओकते म्हणून. काहीतरी कारण द्यायला हवं ना.”

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागच्यानं हॉर्न मारला. लग्न झाल्यापासून सात वर्षं एकाच कुटुंबात एक बाई लपवत होती आणि दुसरी, पहिलीला कळू न देता, तेच लपवत होती! आणि मध्ये ती पोर बर्फात पालथी पडून काचेतून बघत होती. मी, बावळट, यासाठी स्मोक अलार्म वाजवला होता.

“कुसुमताई,” मी म्हटलं, “हे आत्ता घरी जाऊन तिला सांगा. तिला. दुसऱ्या कुणाला नको.”

आम्ही पोचलो तेव्हा मंदाताई ड्राइव्हवेमध्ये येरझारा घालत होती. कुसुमताई तिच्याजवळून तशाच आत गेल्या, बूट न काढता, बेसमेंटचा जिना उतरल्या. मंदाताई त्यांना अडवायला धावली. मी तिचा कोट धरला. “राहू दे,” म्हटलं, “त्यांना माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“सगळं. हळदीपासून.”

मंदाताईनं एकदाच ‘अगं बाई’ म्हटलं, आणि तिच्या किल्ल्या थांबल्या.

पुढचे दिवस भराभर आणि तरी सरकेचनात, असे गेले. जुना उपचार कळल्यावर डॉक्टरांनी जनुकांची खोलातली तपासणी मागवली. कफ ताजा घेतला, पुढे पाठवला. इकडे माझ्या नळ्याही जाग्या झाल्या. आधी साधी नळी. मग औषधांच्या नळ्या, ज्यांत उगवू नये त्या. निकाल डॉक्टरांकडे रीतसर गेला, आणि मगच मी मंदाताईचा फोन उचलला.

“उगवलं का गं?”

“उगवलं.”

“कशात?”

“दोन्हीत, मंदाताई. दोन्ही मुख्य औषधांत.”

जनुकांच्या निकालानंही तेच सांगितलं. जुनी औषधं बंद झाली, वेगळी सुरू झाली. ईराचंही बदललं. केतकीनं नवऱ्याला स्वतः सांगितलं. सासू शेजारी बसली होती, पण या वेळी तिच्या वतीनं उत्तरं दिली नाहीत. नवरा दोन दिवस घुमा होता, आणि मग म्हणाला, “टॉन्सिल्सचं मला कधीच पटलं नव्हतं.” असे एकेक!

नवी औषधं सोपी नव्हती. पायांना मुंग्या, तोंडाला चव नाही, दीड वर्ष रोज. आणि दर महिन्याला नवा कफ, नवी नळी. मंदाताईचा प्रश्न तोच राहिला, फक्त आता आम्हाला उत्तर उलटं हवं होतं. पहिल्या महिन्यात उगवलं. दुसऱ्यात उगवलं, पण उशिरा. तिसऱ्यात नाही. मी “नाही” म्हटलं की ती म्हणायची, “नक्की? हलवून बघ.” चौथ्यात नाही. ताप गेला. ईरा काचेबाहेरून आत आली. तरी मंदाताईचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. “शेवटचा होऊ दे,” म्हणायची. “शेवटच्या नळीपर्यंत मी काही मानत नाही.”

ती शेवटची नळी लागली तोवर मी निवृत्त झाले होते. मंदाताईही. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कॅल्गरीच्या मुलानं हुकूम काढला, आता इकडेच यायचं. रोज सकाळी फोन यायचाच. “मला आता कसं कळणार गं?” मी म्हणायचे. “मी घरी बसलेय.” “काहून बसली?” ती म्हणायची, आणि ठेवून द्यायची.

मागच्या हिवाळ्यात मंदाताई गेली. कॅल्गरीत, झोपेत. मुलानं कळवलं तेव्हा माझा पहिला विचार, झोपेत? ती? पण मी तिला शेवटचं पाहिलं ते त्याआधी, विमानतळावर, ती टोरोंटो सोडून निघाली तेव्हा.

मुलानं तिच्यासाठी व्हीलचेअर बुक केली होती. एक पंजाबी मुलगी ती घेऊन आली. “माताजी, बैठिए.” मंदाताईनं खुर्चीत बॅग ठेवली. “इसको बिठाओ, बेटा. मैं चलती हूँ.” आणि काठी टेकत, लाल कोटात, खुर्चीभोवती फेऱ्या मारायला लागली. फोनवर मुलगा ओरडत होता, “आई, प्लीज सिट!” तिनं फोन माझ्या हातात दिला. “याला सांग, बसली आहे म्हणून.”

“खोटं कशाला सांगू?”

“दूध तपासायचीस तेव्हा बरं सुचायचं तुला!”

वेळ होत आली होती. ती पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होती. केतकी येणार होती, आली नव्हती. आणि मग आली. पार्किंगमधून पळत, ईराला हाताशी धरून, कोटाची बटणं उघडी, तोंडातून वाफ. समोर येऊन थांबली, धापा टाकत. मंदाताई तिच्याकडे कान देऊन उभी राहिली. मला कळलं ती काय ऐकतेय. केतकी एवढी धावत आली आणि खोकली नाही.

“उगवलं का गं?” मंदाताईनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

“नाही, मावशी. नाही उगवलं. आत्ता गाडीत असताना डॉक्टरांचा फोन आला. शेवटची नळी. पूर्ण वेळ ठेवली होती. काहीच नाही.”

मंदाताईनं माझ्याकडे बघितलं. मी निवृत्त, माझ्या हातात काही नाही, पण तिला माझ्याकडून हवं होतं. मी मान हलवली. पूर्ण वेळ ठेवून काही नाही, म्हणजे नाही.

तिनं खुर्चीतली बॅग उचलून ईराच्या हातात दिली. कोटाची चेन वरपासून खालपर्यंत उघडली, एकेक बाही काढली आणि कोट घडी करून मांडीवर घेतला. म्हणजे आधी बसली, मग मांडीवर घेतला. मागे टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून, नीट बसली.

“चलो, बेटा,” ती त्या मुलीला म्हणाली. “धीरे धीरे चलो. कोई जल्दी नहीं है.”

ईरा बॅग घेऊन सिक्युरिटीच्या दोरीपर्यंत बरोबर गेली. तिथून पुढे मला फक्त खुर्चीच्या पाठीवर पांढरे केस दिसत होते. मी टाचा उंचावून, पोटऱ्या दुखेपर्यंत बघत राहिले, मध्येच उठेल म्हणून. उठली नाही.